मायक्रोस्कोपच्या कपाळी हळद

देवाच्या कृपेनं माझी आखणी कधी चुकत नाही! सोळा सोमवार एकही न मोडता पार पाडलेल्या बाईला एक प्रयोग आखणं काय जड? संकल्प, साहित्य, नियम, उद्यापन. झालं!

अर्जुनरावांना मी असंच सांगितलं होतं. त्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं.

साल अठ्ठावन्न. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात अर्जुनराव आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, मी तिथली एकुलती एक बाई, आणि काचसामान धुणारे मीरासाहेब. खिडकीतून पार रहाटणीपर्यंत ज्वारी डोलताना दिसायची. आज तिथं पाहावं तिकडं गच्च्याच गच्च्या!

त्या वर्षी जर्मनीहून नवा मायक्रोस्कोप आला. त्याच्या जांभळ्या उजेडात खास रंग दिलेल्या पेशी काजव्यासारख्या चमकायच्या. मी वहीत लिहिलं : पहिल्या काचेवर रंगवलेली बुरशी, ती चमकणार. दुसऱ्या काचेवर तीच बुरशी, बिनरंगाची. ती अंधारी राहिली, तरच पहिलीची चमक खरी मानायची.

मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीचं दार बंद केलं, दिवा लावला. पहिली काच चमकली. दुसरी घातली, तर आत देवदिवाळी!

"इंदुताई, ही बिनरंगाची ना?" अर्जुनरावांनी विचारलं.

"हो."

"मग ही हिरवी-पिवळी रोषणाई कसली? मीरासाहेब!"

मीरासाहेब धावत आले. "साहेब, सात पाण्यांनी धुतलीय. वरून स्पिरिट!"

"धुतलेली काच अशी दिसते? शनिवारी मोठे साहेब प्रयोग बघायला येणार आहेत. तोवर ही दुसरी काच काळी दिसली नाही, तर सोमवारपासून तुम्ही बाटल्यांच्या खात्यात!"

बाटल्यांचं खातं म्हणजे दिवसभर उकळत्या पाण्याची वाफ. आणि मीरासाहेबांना दमा. ते काच उजेडाला धरून बघत राहिले.

आता माझी एक सवय सांगायलाच हवी. रोज उंबऱ्याला हळदकुंकू वाहिल्याशिवाय मी पाणी पीत नसे. मायक्रोस्कोप आला, तसा त्यालाही नेम लागला. सगळ्यांच्या आधी पोचायचं, पदरातली पुडी सोडायची, त्याच्या कपाळी हळदीचं बोट, वर कुंकवाचं, नमस्कार, आणि तसंच कामाला! परदेशातून एकटं आलेलं यंत्र, त्याला कोणी आपलं नको?

मीरासाहेबांचं संकट दिसताच मी नेम दुप्पट केला. बुधवारी हळदीची दोन बोटं. काच दुप्पट चमकली!

गुरुवारी चार बोटं, शिवाय अकरा प्रदक्षिणा. टेबल भिंतीला लागलेलं, म्हणून अर्ध्या-अर्ध्याच घातल्या. काच अशी पेटली, की अर्जुनरावांनी डोळा मागे घेतला.

मीरासाहेबांनी राख, रिठे, लिंबू, सगळं घासून पाहिलं. "ताई," ते हळूच म्हणाले, "माझ्या हातालाच काही लागलंय का हो?"

"काही नाही. मी देवाला सांगितलंय."

"काय सांगताय कोण जाणे. रोज वाढतंच चाललंय!"

शनिवार उजाडला. मी उरलेली सगळी पुडी वाहिली. मोठे साहेब आले, खोली बंद झाली, अंधार गुडुप्प! दुसरी काच घातली. नेहमीचीच रोषणाई.

"बघा साहेब, ही आमची धुलाई!" अर्जुनराव कडाडले. "मीरासाहेब, हात दाखवा!"

अर्जुनरावांनी दिव्याच्या पेटीचं झाकणच उघडलं. जांभळा उजेड खोलीभर सांडला. मीरासाहेबांनी हात पुढे केले. लाकडासारखे काळे, स्वच्छ. कुठे ठिपकासुद्धा नाही!

आणि शेजारी, अंधारात, पाच हिरवी-पिवळी बोटं तरंगत होती. माझी! त्यांच्यामागे मायक्रोस्कोपच्या कपाळावर हा भलाथोरला मळवट झळकत होता, जत्रेतल्या देवासारखा.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "हे यंत्र असंच आलं का जर्मनीहून?"

"नाही," मी म्हटलं. आवाज कुठून आला, देव जाणे. "ती माझी हळद. काचा मीच हाताळते. मीरासाहेबांचा काही दोष नाही. बाटल्यांच्या खात्यात मला पाठवा."

मोठे साहेब इतके हसले, की त्यांना स्टूल द्यावं लागलं. अर्जुनरावांनी चष्मा काढून पुसला. मग मीरासाहेबांपुढे जाऊन म्हणाले, "चुकलं माझं." तेवढं म्हणायला त्यांना फार कष्ट पडले. मग माझ्याकडे वळले, "बाई, भक्ती करा, पण हळद बंद!"

"बंद," मी शब्द दिला.

सोमवारी मीरासाहेब आपल्या जागी होते. मीही निर्धास्त. हळदीला हात लावला नाही, फक्त कुंकवाचं एक बोट! दिवा लावला, दुसरी काच घातली, आणि आत पुन्हा मंद उजेड.

अर्जुनराव माझ्याकडे वळले. मीरासाहेब खाकरले.

"ताई, रागावू नका. आमच्या शेजारी यशोदाबाई कुंकू करून विकतात. हळद आमच्याच अंगणात वाळते!"

अहो, लहानपणी आईबरोबर हळदीत लिंबू पिळून कुंकू मीच तर खलत होते! तेव्हापासून मी मायक्रोस्कोपला दारातूनच नमस्कार करते. तोही मीरासाहेबांनी हात तपासल्यावर.