तिसऱ्या बेसवरची माशी

बेसबॉल मला कुणी शिकवायची गरजच नव्हती! जन्मभर क्रिकेट पाहिलेल्या पुणेकराला त्यात काय अवघड? मारायचं आणि पळायचं!

म्हणूनच सिडनीचा लॉकडाउन उठला आणि जवळच्या प्रोफेशनल क्लबचा सीझनआधीचा सराव सुरू झाला, तेव्हा मी छाती फुगवून व्हॉलंटियर झालो. खरं कारण अपूर्व, माझ्या बायकोच्या, मयूराच्या, बहिणीचा मुलगा. लॉकडाउनभर आमच्याकडेच राहणाऱ्या या पठ्ठ्याने टूनगॅबी उपनगरातल्या घराच्या बॅकयार्डात कुंपणावर बॉल आपटून शेजाऱ्यांना वेड लावलं होतं. टीममध्ये एकच जागा उरली होती आणि ती आजच्या सराव सामन्यावर ठरणार होती.

"तू फक्त बॉल सॅनिटायझरने पूस," मयूराने बजावलं. "डोकं चालवू नकोस!"

मी इमानदारीत पुसत होतो. तेवढ्यात तिसऱ्या बेसजवळच्या कोचला फोन आला. त्याच्या घरात कुणीतरी पॉझिटिव्ह! बिचारा तसाच टेस्टला पळाला. मॅनेजर वॉरनने माझ्या डोक्यावर क्लबची टोपी बसवली.

"मेट, तिथे नुसता उभा राहा. हात खिशात! बाहेर काढायचे नाहीत!"

"नो वरीज!"

तो कोच टोपी, कान, पट्टा यांना हात लावून रनरला 'पळ' किंवा 'थांब' अशा खुणा करतो, हे मला कुठे ठाऊक? त्यात तोंडावर मास्क, तीच टोपी आणि पोटाचा घेरही तोच! लांबून मी हुबेहूब कोच.

अपूर्व पहिल्या बेसवर पोचला आणि माझ्या नाकावर माशी बसली. ऑस्ट्रेलियन माशी! विमा विकणाऱ्या लांबच्या नातेवाइकासारखी, हाकलली की परत हजर! मी टोपी झटकली, कान खाजवला, घसरणारी पँट पट्ट्याला धरून वर ओढली.

अपूर्व सुसाट सुटला! धुळीचा लोट. दुसरा बेस, सेफ!

माशी पुन्हा आली. मी पुन्हा टोपी, कान, पट्टा. अपूर्व पुन्हा सुटला आणि घसरत थेट माझ्या पायांशी!

"काका?! व्हेअर्स द कोच?"

"टेस्टला गेला!"

"देन हू गेव्ह मी द साइन?"

"कसली साइन? माशी होती रे!"

अपूर्व पांढराफटक पडला. तेवढ्यात माशी माझ्या मास्कच्या आत शिरली! "गेली! आत गेली!" मी दोन्ही हात हवेत उडवत नाचू लागलो. पिचर आ वासून बघत राहिला, त्याच्या हातातून बॉल निसटला आणि अपूर्व पळत होम बेसवर, म्हणजे रन पूर्ण!

लालबुंद वॉरन माझ्याकडे चालत आला. पोराचं नशीब मी माशीपायी घालवलं!

"सगळं मैदान तुझा नाच बघत होतं," तो म्हणाला. "हा एकटा बॉलकडे बघत होता. द किड्स इन! टीममध्ये घेतला त्याला!"

मी मटकन खालीच बसलो. अपूर्वने धुळीसकट मिठी मारली. संध्याकाळी कोचची टेस्टही निगेटिव्ह आली आणि आमच्या घराने दिवसभर रोखलेला श्वास सोडला.

तेवढ्यात वॉरनचा फोन. "सीझनभर येशील का? तुझ्याशिवाय जमणार नाही."

मी मयूराकडे ऐटीत पाहत फोनवर विचारलं, "बोल, काय करू?"

"क्लबच्या सॉसेजच्या स्टॉलवर कांदा परतायचाय," वॉरन म्हणाला. " तिथे तुझे दोन्ही हात गुंतलेले राहतील!"