शेपूट बघून केलेला भूगोल

एका जंगलात एक नियम होता: सहलीत नजर पुढच्याच्या शेपटावरच ठेवायची. हा नियम का आहे ते विचारायचं नाही, असा दुसरा नियम होता. पहिला कधीमधी मोडला जाई. दुसरा कधीच नाही.

हे जंगल भूमध्य समुद्राच्या काठाला होतं, बाळांनो. तिथे चुनखडीचे पांढरेशुभ्र कडे होते, त्यांवर ऑलिव्हची वेडीवाकडी झाडं होती आणि कड्याच्या अगदी कडेनं जाणारी एक अरुंद, खडकाळ पायवाट होती. दर वर्षी शाळेची भूगोलाची सहल याच वाटेनं जाई. किनाऱ्याचा प्रत्यक्ष अभ्यास करायला!

सगळ्यांच्या पुढे एडके गुरुजी असत. मेंढ्यांमधले सर्वांत ज्येष्ठ. त्यांच्यामागे एकामागे एक मुलं. शेवटी गाढवेबाई, कुणी मान वर केली की डाफरायला.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजींच्या पुढे तर कुणीच नाही, मग ते कुणाचं शेपूट बघत? शहाणे आहात. गुरुजी डोळे घट्ट मिटून घेत आणि आपल्या गुरुजींचं शेपूट आठवत आठवत चालत.

परीक्षेत समुद्रकिनाऱ्याचं वर्णन हमखास विचारलं जाई. गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या कोकरानं लिहिलं होतं, "समुद्रकिनारा मळकट व लोकरीचा असून तो चालताना डावीउजवीकडे हलतो." पैकीच्या पैकी गुण मिळाले.

यंदाच्या सहलीत कवडी नावाची एक तरुण शेळी होती. तिच्यामागे तिची धाकटी बहीण बिट्टी. बिट्टीची ही पहिलीच सहल. निघताना आईनं कवडीला बजावलं होतं, "सांभाळ गं तिला. ती तुझ्याशिवाय कुणाकडे बघणार नाही."

खरंच तसं होतं. कवडी वळली की बिट्टी वळे. कवडी शिंकून उडाली, तर बिट्टीही उडाली.

आपल्यामागे कुणी इतक्या विश्वासानं येत असलं की चालणं जड होतं, बाळांनो. ही माझ्याकडे बघतेय, पण मी कुणाकडे बघतेय, असं कवडीच्या मनात आलं. ती बघत होती गब्रू नावाच्या मेंढराच्या शेपटाकडे. ते बघून एवढंच कळत होतं की गब्रूनं काल काय खाल्लं.

तेवढ्यात पायाखालची वाट पोकळ वाजली. समुद्राचा आवाज इतका वेळ उजवीकडून येत होता. तो एकदम खालून येऊ लागला.

कवडीनं मान वर केली.

लाटांनी कड्याचं पोट पोखरून काढलं होतं. पुढच्या वळणावर वाट कोसळून गेली होती. पलीकडे ती पुन्हा सुरू होत होती, पण मधे नुसतं निळं पाणी, तेही खूप खोल. आणि गुरुजी डोळे मिटून ऐटीत तिकडेच निघाले होते.

"थांबा!" कवडी किंचाळली.

रांग थांबली, म्हणजे एकमेकांच्या पाठीवर आदळली. गुरुजींचा एक पाय उचललेलाच राहिला.

"कोण ते?"

"मी कवडी. गुरुजी, पुढे वाट नाही. कडा कोसळलाय."

"तुला कसं कळलं?"

"बघितलं."

रांगेत कुजबूज उठली.

"वर कबूल करतेय, निर्लज्ज!" मागून गाढवेबाई कडाडल्या.

"बाई, खाली समुद्र आहे."

"कुठला समुद्र? जन्म गेला माझा या सहलींत, मला नाही दिसला कधी!"

"मग हा आवाज कसला येतोय?"

"वय झालं की कान वाजतात."

"माझेही?"

"तुझे आगाऊपणानं वाजतात."

"बाळ कवडी," गुरुजी मायेनं म्हणाले, "माझे गुरुजी याच वाटेनं गेले. त्यांचे गुरुजीही याच वाटेनं गेले."

"तेव्हा वाट होती, गुरुजी."

"आताही आहे. ही काय, लख्ख डोळ्यांसमोर आहे माझ्या."

"एकदा डोळे उघडून बघा ना."

"आणि पोरांना काय वळण लागेल?"

इतक्यात गुरुजींच्या खुराखालून एक दगड सुटला. सगळ्यांनी कान टवकारले. बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग फार फार खालून आवाज आला, डुबुक.

"ऐकलंत?" कवडी म्हणाली.

"त्या दगडाला शिस्त नव्हती," गुरुजी म्हणाले. "पुरे आता. नजर शेपटावर. चला!"

गब्रूनं पाय उचलला. मागून बिट्टीचा बारीक आवाज आला, "ताई, निघायचं?"

कवडीनं चारही खूर वाटेत रोवले.

"नाही," ती म्हणाली. "मी चालणार नाही. माझं शेपूट बघून कुणाला चालूही देणार नाही."

आणि ती गर्रकन मागे फिरली. इतक्या वर्षांच्या सहलींत पहिल्यांदाच कुणाला तरी पुढच्याचं तोंड दिसलं.

"बिट्टे, मान वर कर."

बिट्टीनं केली. "अगं बाई, केवढं निळं!"

ते ऐकून गब्रूनं वर बघितलं. मग त्याच्या पुढच्यानं. कुणीतरी "बापरे" म्हणालं, आणि गुरुजींचा एक डोळा आपोआप किलकिला झाला. त्यांच्या उचललेल्या पायाखाली काही नव्हतं. त्यांनी तो पाय हळूच मागे घेतला. मग दुसरा डोळाही उघडला.

"आता बोला," कवडी म्हणाली. "चालायचं?"

गाढवेबाईंनी डाफरायला तोंड उघडलं होतं, ते तसंच उघडं राहिलं. ऐकू येत होत्या त्या फक्त लाटा.

तात्पर्य : मुलांनो, मोठ्यांच्या मागे मान खाली घालून चालावं. शिस्तीत चालणाऱ्याला कड्याची भीती वाटत नाही. अगदी शेवटपर्यंत वाटत नाही.