वहीतला रिकामा रकाना

‘दोन दिवसांत अर्थ शोधून दाखवतो!’ असं मी उत्तरपाड्यातल्या चहाच्या टपरीवर छाती ठोकून सांगितलं. तिथंच चुकलं.

माझी बायको सुप्रीती शिक्षिका. वापरातून गेलेले जुने इंग्रजी शब्द ती वहीत उतरवायची आणि पुढे बंगालीत अर्थ लिहायची. शेवटचा शब्द होता ‘ग्रोक’. त्याचा अर्थ लिहायच्या आधीच ती गेली. रविवारी तिचं वर्षश्राद्ध. तोवर मला तो रकाना भरायचा होता. घरातल्या शब्दकोशात हा शब्दच नाही!

शेजारच्या परितोषदांना इंग्रजी बरं येतं, म्हणून वही घेऊन गेलो. ते जेवत होते. ताटात मोहरीतला इलिश! या माशात काटे फार, खाणाऱ्याला बोलायला लावू नये. मी दारात गप्प उभा राहिलो.

परितोषदांचा घास हातातच राहिला. “अगं, अनादीदांना आधी वाढ! नजर लागली तर माझं पोट दुखेल!”

“मी शब्दासाठी आलोय हो!”

“सगळे असंच म्हणतात,” म्हणत बौदींनी, म्हणजे परितोषदांच्या बायकोनं, सगळ्यांत मोठी तुकडी माझ्यापुढे ठेवली. नाही म्हणणं बरं दिसेना.

संध्याकाळी परितोषदांचं पोट खरंच बिघडलं! गल्लीभर बोभाटा झाला. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन ज्या दारात जाई, तिथं तोंड उघडायच्या आत वाटी पुढे! मिठाईवाल्यानं तर मला लांबून पाहताच रसगुल्ल्यांवर फडकं टाकलं, जणू मांजरच आलं! अर्थ मात्र कुणी देईना.

शेवटी निवृत्त शिबनाथ मास्तरांकडे गेलो. ते मुरमुरे खात होते. वहीतला शब्द वाचून म्हणाले,

“स्कॉटलंडकडचा जुना शब्द. कुणी खात असताना गप्प बघत राहायचं, आपल्यालाही बोलावतील या आशेनं. मुलं करतात, कुत्री करतात.”

“आणि तो आला कुठून?”

“ते नक्की कुणालाच माहीत नाही.” मास्तरांनी वाटी माझ्याकडे सरकवली. “तुम्ही कुठकुठून आलात, ते मात्र सगळ्या गल्लीला माहीत आहे. घ्या.”

घरी येऊन अर्थ लिहायला बसलो, तर मागच्या बाजूची शाई उमटलेली दिसली. पान उलटलं. उदाहरण तिनं आधीच लिहून ठेवलं होतं: ‘रविवारी मी मासे तळायला घेतले, की आमचे हे दारात ग्रोक करत उभे राहतात.’

आणि एकतीस वर्षं मी समजत होतो, की मी तिला सोबत करतोय!

रकान्यात अर्थ लिहिला. खाली सही केली.