खरात सरांचा बर्फ

आमच्या घरातला स्टोव्ह आम्ही पेटवायचो आणि शेजारचे खरात सर येऊन बारीक करायचे. चहा खदखदल्याचा आवाज त्यांना भिंतीपलीकडे ऐकू जाई. ते सरळ स्वयंपाकघरात शिरून स्टोव्हच्या वाती खाली करत. "उकळी आली का पाणी शंभराच्या वर जात न्हाई. मंग काहून रॉकेल जाळून राह्यले?" हे त्यांचं पालुपद.

नव्वदीच्या सुरुवातीला जाफराबादच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि मी इतिहास. उकळी आल्यावर दिलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, तिला अप्रकट उष्मा म्हणतात, असं ते मला समजावत. मी दहावीत विज्ञानात काठावर पास झालेला. जास्त बुडबुडे म्हणजे जास्त गरम, यावर माझा ठाम विश्वास. एकदा पैजेवर मी वाती पुऱ्या वर चढवल्या. सरांनी खिशातला थर्मामीटर पातेल्यात बुडवला. पारा शंभराजवळ जाऊन बसला तो हलेना. थर्मामीटर बिघडलाय, असं मी जाहीर केलं, आणि त्याच तोऱ्यात पातेलं उचलायला जाऊन बोटं भाजून घेतली. बोटांना तूप लावता लावता आई मलाच हसत होती.

सर एकटे राहत. आईचा त्यांच्यावर जीव. ती त्यांना मास्तर म्हणे आणि ते यावेत म्हणून मुद्दाम स्टोव्ह मोठा ठेवी.

ती आई मे महिन्यात एका सकाळी अचानक गेली. धाकटी बहीण सुमन सुरतेला. एसटीडी बूथवरून तिला कळवलं, पण ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचणार होती. ऊन असं की माती संध्याकाळपर्यंत उरकावी, उद्यापर्यंत प्रेत टिकायचं नाही, असं भावकीतले म्हातारे म्हणू लागले. त्यांचंही चूक नव्हतं. सुमनला आईचं तोंड दिसायला हवं, एवढं वाक्य मला बोलता येईना. वर्गात मात्र मी पानिपतावर तासभर बोलायचो.

बोलले ते खरात सर. "पोरगी येईस्तोवर थांबा. मी बर्फ आणतो." जीप ठरवून ते जालन्याला गेले आणि दुपारी भुशात, पोत्यांत गुंडाळलेल्या मोठ्या लाद्या घेऊन आले.

मी मुसळ घेऊन लादी फोडायला धावलो. आईला सगळीकडून गारवा मिळावा, हा माझा हिशोब. सरांनी मुसळ काढून घेतलं.

"बारके तुकडे जल्दी वितळतेत. अख्खी राहू द्या. बर्फ हाय तोवर त्याचा पारा शून्याच्या वर जात न्हाई."

या वेळी मी वाद घातला नाही. आईच्या दोन्ही अंगांना लाद्या लावल्या, बाहेरून भुसा दाबला, वर पोती घातली. मग सर तिथून उठलेच नाहीत. कुणी पोतं उचलून बघू लागलं की हात बाजूला करत. वाऱ्यानं बर्फ लवकर जाईल म्हणून त्यांनी पंखाही बंद केला. भेटायला आलेले पाहुणे घामाघूम झाले आणि त्यांनी नावं ठेवली ती मला.

सुमन आली तेव्हा लाद्या विटेएवढ्या उरल्या होत्या. तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि पोटभर रडली. मला फार बरं वाटलं.

सगळं उरकून परतल्यावर सर आमच्या ओट्यावर बसले. सुमनला म्हणाले, "चेहरा नीट दिसला ना, ताई?"

तिनं मान हलवली.

"कुंभार पिंपळगावला माझी माय गेल्ती, तव्हा मी जालन्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघून राह्यलो होतो. पोहोचलो तर माती झाल्ती. बर्फाचं मला तव्हाबी ठावं होतं. पण सांगायला मीच तिथं नव्हतो."

आणि ते लहान पोरासारखे हमसून रडू लागले. आई आमची गेली होती, पण त्या दिवशी आम्हा बहीणभावांनाच त्यांची समजूत घालावी लागली.