अर्ध्या-अर्ध्या वाडीच्या कुसुमताई

चिकूच्या वाडीत राहून बाजारातून चिकू विकत घेणारी बाई घोलवडमध्ये एकच होती. कुसुमताई. चारही बाजूंना झाडं लगडलेली, आणि या स्टेशनबाहेर टोपलीवालीशी भाव करत उभ्या.

"ताई, तुमच्याच वाडीतला माल हाय हा," टोपलीवाली एकदा हसली.

"माझी वाडी? ट्रस्टची! मी विश्वस्त आहे. विश्वस्ताने फळ खाल्लं तर त्याला चोर म्हणतात. चल, वजन कर."

कुसुमताई साधी वेळ विचारतात तीसुद्धा भांडल्यासारखी. पोस्टमन लवकर आला तर रागावतात, उशिरा आला तरी रागावतात. मांजरीलासुद्धा मी त्यांना "कामधंदा नाही का तुला?" असं विचारताना ऐकलंय.

ही वाडी त्यांच्या थोरल्या भावाची. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादांना मूलबाळ नव्हतं. जाण्याआधी त्यांनी वाडीचा ट्रस्ट केला. निम्मं उत्पन्न तलासरीच्या मुलींच्या वसतिगृहाला, निम्मं हेमंतला. राहतं घरही हेमंतचं. त्याच्यामागे सगळंच मुलींचं. हेमंत म्हणजे दादांच्या दिवंगत धाकट्या भावाचा मुलगा. त्याला कुसुमताईंनीच वाढवलं. आता तो वापीला नोकरीला असतो. विश्वस्त दोघे, कुसुमताई आणि मी, एक निवृत्त शाळामास्तर. मला का घेतलं विचाराल, तर दादा म्हणाले होते, "दोघांत एक तरी गोड बोलणारा हवा."

काढणीच्या दिवशी ताईंचा आवाज पार रेल्वे फाटकापर्यंत जायचा. एक करंडी मुलींची, एक हेमंतची. एकदा मंगलीने, म्हणजे आमच्या काढणीवालीने, घरच्यांची म्हणून हेमंतच्या करंडीत मोठी फळं घातली. ताईंनी दोन्ही करंड्या जमिनीवर उपड्या केल्या.

"मुलींना बारकी का गं? मुलींची तोंडं बारकी असतात?"

"चुकलं, बाय."

"भर परत!"

आणि स्वतःही तिच्यासोबत मातीत बसून भरायला लागल्या, बडबडत.

मागच्या उन्हाळ्यात हेमंत कागद घेऊन आला. वाडी एका रिसॉर्टवाल्याला लांब मुदतीच्या भाड्याने द्यायची. "सर, मुलींचंही भलंच होणार आहे," तो मला इतक्या गोडीने म्हणाला, की मी पेनाचं टोपण काढलं. आजही त्याची लाज वाटते.

"वसतिगृहाला काय लिहिलंय? मोठ्याने वाच," ताई म्हणाल्या.

"खर्च आणि माझा वाटा जाऊन उरेल ते."

"उरेल ते?" ताई उभ्याच राहिल्या. "मुली काय तुझ्या ताटातलं खरकटं खातात? मास्तर, टोपण लावा, नाहीतर समुद्रात फेकीन. पेन नाही, तुम्हाला!"

मी टोपण लावलं. हेमंतने कागद गोळा केला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"ठीक आहे, आत्या. सही नको करूस. पण हे घर माझं आहे. महिन्याभरात खाली कर."

मी आयुष्यात कुणावर ओरडलो नव्हतो, त्या दिवशी ओरडलो. "हेमंत! जिने तुला वाढवलं तिला..."

"मास्तर, गप्प बसा!" ताई माझ्यावरच उखडल्या. "बरोबर बोलतोय तो. ट्रस्टचं कलम पाच. घर त्याचंच आहे."

मला राहवेना. ताईंना घरात ठेवायची काही वाट सापडेल म्हणून मी दादांचे जुने कागद उपसले. त्यात ट्रस्टचा पहिला खर्डा निघाला. निम्मं उत्पन्न वसतिगृहाला, निम्मं आणि राहतं घर माझी बहीण कुसुम हिला. 'बहीण कुसुम' खोडलेलं होतं. वर ताईंच्या अक्षरात 'पुतण्या हेमंत'. बाजूला दादांची सही.

मी तो कागद घेऊन धावत गेलो. ताई भांडी पोत्यात भरत होत्या.

"हे हेमंतला दाखवतो."

"दाखवून तर बघा. पुन्हा तोंड बघणार नाही तुमचं."

"पण का, ताई?"

"आई-बाप नसलेलं पोर. त्याला आपलं म्हणून काहीतरी हवं होतं. मला काय, पेन्शन होती." त्यांनी कागद माझ्या हातातून ओढला आणि पोत्यात तव्याखाली कोंबला. "उभे काय राहिलात? सुतळी द्या."

ताईंनी वरोरला एका मासेवाल्याच्या घरात खोली घेतली. दोघा विश्वस्तांच्या सह्या मिळेनात, तेव्हा रिसॉर्टवाला पुन्हा फिरकला नाही. हेमंत मात्र नोकरी सोडून त्या घरात राहायला आला. काढणीच्या दिवशी ताई बसने येतात, वाटणी करतात, ओरडतात. तो ओटीवर मोबाइलमध्ये बघत बसतो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

परवा निघताना त्यांनी मला रस्त्यापर्यंत ओढत नेलं.

"त्याला सांगा, पावसाळ्यात मागच्या खोलीत झोपू नकोस. भिंतीला ओल येते. लहानपणी दम लागायचा त्याला. रात्ररात्र मांडीवर घेऊन बसावं लागायचं."

"तुम्हीच सांगा की."

"माझं नाव काढायचं नाही!"

"मग कुणी सांगितलं म्हणू?"

"विश्वस्त आहात ना? वापरा की स्वतःचं डोकं!"

बस आली. रिकामीच होती. ताई दोनदा जागा बदलून वाडीच्या बाजूच्या खिडकीशी बसल्या.