विनापरवाना जंगलात शिरलेले कुटुंब

मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी उभं राहून मी आजवर अकरा पंचनाम्यांवर पंच म्हणून सही केली आहे. ना कुठे चोरी झाली होती, ना अपघात. गुन्हा एवढाच, की आतल्या पडद्यावर कुणीतरी सहकुटुंब जंगलात खजिना शोधायला गेलं होतं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत दांडगे अण्णा बसले होते.

अण्णा निवृत्त वनपाल. बत्तीस वर्षं फर्दापूरच्या अलीकडच्या-पलीकडच्या डोंगरात काढली आणि आता इथे शहरात, गारखेड्यात माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला. नोकरी सुटली तरी खाकी शर्ट सुटला नाही आणि त्याच्या खिशातले कोरे कागदही. असला एखादा पिक्चर लागला की पहिल्याच शनिवारी हा गृहस्थ माझ्या दारात हजर. "चला सर, गुन्हा घडलाय." मी शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो, माझ्याकडे स्कूटर आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. पंच व्हायला एवढी पात्रता पुरते.

पिक्चर संपला की अण्णा भिंतीला कागद टेकवून लिहायला लागतात. मागची गर्दी त्यांना वळसा घालून जाते.

"आम्ही खाली सही करणारे पंच लिहून देतो की, मौजे घनदाट जंगल येथे इसम नामे बाप, त्याची बायको, दोन मुले व एक विनोदी मामा हे विनापरवाना शिरले. नदीत तीन वेळा पडूनही सदर बाईची वेणी सुटली नाही. आठ दिवसांत कोणासही गोचीड लागली नाही. आठ दिवसांत कोणीही शौचास गेले नाही. पंचनामा वाचून दाखवला, बरोबर आहे."

बरोबर असतंच. हे सिनेमे भिकार असतात याबद्दल माझं अण्णांशी भांडण नाही. बाप कामात बुडालेला, आई चिडलेली, पोरं मोबाईलमध्ये. मग माळ्यावर एक पेटी सापडते आणि पेटीत नकाशा. नकाशा चहूबाजूंनी कुरतडलेला, पण खजिन्याची जागा तेवढी उंदरांनी शिल्लक ठेवलेली. पुढे झुलता पूल. तो शेवटचा माणूस पार होईपर्यंत शिस्तीत थांबतो आणि मगच तुटतो. आणि सगळं झाल्यावर कळतं काय, तर खरा खजिना म्हणजे आपलं कुटुंब! हे कळायला दोन तास दहा मिनिटं आणि एवढा मोठा पडदा लागतो. करमणूक होते का, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, होते, पण पडद्याकडे पाठ करून अण्णांकडे तोंड केलं तर.

कारण अण्णा गप्प बसत नाहीत. वाघाने डरकाळी फोडून झेप घेतली की हे मोठ्यांदा म्हणणार, "शिकार करतोय का सभा घेतोय?" एकदा पडद्यावरच्या कुटुंबाने वाळल्या पाचोळ्यात शेकोटी पेटवली आणि सगळे खुशाल झोपले. अण्णा ताडकन उभे राहिले. "अरे विझवा रे ते! वणवा लागंल!" बत्तीस उन्हाळे ज्याने हातात हिरवी फांदी घेऊन आगी झोडपल्या, त्याला ते बघवेना. सगळं थिएटर हसलं. पुढच्या रांगेतला एक दाढीवाला वळून म्हणाला, "बैठो चचा, अब्बी बारिश करता देखो पिक्चरवाला." आणि खरोखरच पडद्यावर पाऊस आला. अण्णा खाली बसले, पण पंचनाम्यात कलम वाढलं.

"बत्तीस वर्षांत वाघ नाय पाह्यला म्या," ते मला घरी येताना सांगतात. "बिबट्या तीनदा. त्यातबी दोनदा नुसतं शेपूट. अन् ह्यांच्या सलामीला दर पाच मिनिटाला जनावर! सर, जंगलात दिवस दिवस कायबी होत नसतं. म्हणून तर ते जंगल हाय."

सत्याचा एवढा आग्रह शेजाऱ्याच्या अंगात असला की जगणं अवघड होतं. गल्लीतल्या बालवाडीच्या भिंतीवर जिराफ आणि वाघ शेजारी शेजारी रंगवले, तेव्हा अण्णांनी बाईंना लेखी हरकत दिली. बाईंनी शेवटी जिराफावर पांढरा रंग मारून घेतला. लहान पोरं आठ दिवस जिराफ कुठे गेला म्हणून विचारत होती.

पण हा सगळा कागदी घोडा कशासाठी, ते मला दुसऱ्याच पंचनाम्याला कळलं. तो बंगळुरूला जायचा. सईकडे.

सई म्हणजे त्यांची नात. सात वर्षांची असताना ती सुट्टीत आली होती. अण्णांनी तिला असाच एक पिक्चर दाखवला आणि तिने कानात विचारलं, "आजोबा, हे खरंय?" अण्णा म्हणाले, "एकबी नाय." मग एकेक खोटेपणा सांगत गेले आणि पोरगी खुर्चीतून खाली पडेपर्यंत हसली. तेव्हापासून असा सिनेमा आला की ती तिकडे बघायची, हे इकडे. रविवारी सकाळी फोनवर पंचनाम्याचं वाचन. एरवी मुलाचा फोन म्हणजे "तब्येत बरी ना? गोळ्या घेता ना? ठेवतो." जंगलात कुणी हरवलं की मात्र तासभर. म्हणून हा माणूस अख्खं वर्ष टुकार सिनेमांची चातकासारखी वाट बघायचा. दुसरा कुठला धागा त्यांच्याकडे नव्हताच.

यंदाच्या दिवाळीत असा एक सिनेमा आला की त्यात पोपटच वाट दाखवत होता. अण्णांची खरी दिवाळी झाली. एकेचाळीस कलमं! रविवारी मला मुद्दाम बोलावलं. फोन स्पीकरवर, कागद हातात, चष्मा पुसलेला.

"सई, ऐक. मौजे घनदाट जंगल येथे..."

"आजोबा, मी नाही बघितला तो."

"आं? काहून?"

"ते लहान मुलांचं असतं ना. मी तेरा वर्षांची आहे आता."

"बरं केलंस," अण्णा म्हणाले. "लई टुकार हाय." कागदाची घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "मंग काय बघतीस हल्ली?"

"असंच काहीतरी. तुम्हाला नाही कळणार. बाबांना देऊ?"

बाबांनी तब्येत विचारली, गोळ्या विचारल्या आणि ठेवला. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा टाकू का?" आणि चहा टाकलाच नाही. खरं सांगतो, त्या पोरीचा मला राग आला. तेरा वर्षांच्या मुलीचा कसला राग करायचा, पण आला.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी सुनेला स्वतःहून फोन केला, लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा. सई काय बघते, ते विचारून घेतलं आणि शनिवारी माझ्या दारात उभे. "चला सर." गुन्ह्याचं नाव काढलं नाही.

वसतिगृहातल्या तीन मुलींचा सिनेमा होता. जंगलपट परवडला. जंगलात निदान पूल तरी तुटतो. इथे एक मुलगी पाऊण तास खिडकीबाहेर बघत होती आणि उरलेला वेळ बाकीच्या दोघी तिच्याकडे बघत होत्या. मला दोनदा डुलकी लागली. दोन्ही वेळा जागा झालो तेव्हा अण्णा पुढे वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून बघत होते. अख्ख्या सिनेमात अवाक्षर काढलं नाही. बाहेर आल्यावर खिशाकडे हातही गेला नाही.

"सर, यातलं मला कायबी कळलं नाय," ते म्हणाले.

"कळण्यासारखं होतं काय त्यात?"

"असंल. आपल्याला ठावं नसंल."

बत्तीस वर्षांची हुकमत असलेला माणूस असं बोलला, आणि मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं.

रविवारी मी आपण होऊनच गेलो. अण्णांनी मुलाला फोन लावला, सईला बोलव म्हणाले.

"सई, तो वसतिगृहाचा पिक्चर पाह्यला म्या."

"तुम्ही? तो?"

"व्हय. मला एक सांग. ती बारकी पोरगी सुट्टीत घरी आल्यावर भरल्या ताटावरून उठून गेली, ते काहून? आई तर तिला काय बोललीबी नव्हती."

फोन कटला की काय, म्हणून अण्णांनी घाबरून माझ्याकडे बघितलं.

"तेच तर ना, आजोबा," सई हळू म्हणाली. "काहीच बोलली नाही."

"मंग?"

"थांबा हां. मी दार लावून येते."

अण्णांनी फोन स्पीकरवरून काढून कानाला लावला. मी उठलो, चपला घातल्या आणि बाहेरून त्यांचंही दार ओढून घेतलं.