कोपऱ्यातल्या टेबलाची चाहती

अथेन्समध्ये पाहण्यासारख्या गोष्टी दोनच. एक टेकडीवरचं देऊळ आणि दुसरा मी, मेनेलाओस कार्वूनिस. देवळाचं छप्पर गेलंय, माझे केस गेलेत, पण दरारा दोघांचाही कायम आहे. बावीस वर्षं मी संग्रहालयात पहारा केला. तेवढ्या काळात एकही पुतळा पळाला नाही. निवृत्तीनंतर असा माणूस गुप्तहेर नाही होणार तर काय कोबी विकणार?

त्रासिवूलोसच्या खानावळीतलं कोपऱ्यातलं टेबल माझं. दुपारी एकला बसलो की वाइनची छोटी सुरई आणि बशीभर मासे, सात तळलेल्या तारल्या, हजर. नऊ वर्षं, न मागता, फुकट. कीर्ती म्हणतात ती हीच. सोमवारी मात्र तिथे एक नवविवाहित डच जोडपं बसलेलं. पाहुण्याला उठवणं आमच्यात शोभत नाही, म्हणून मी शेजारी सरकलो. त्या दिवसापासून माझी सुरई बंद!

बुधवारी त्यातली नवरी, साबिना, ताडकन उठली.

"ही तिसरी सुरई आणि ही तिसरी बशी! आम्ही मागवलेलीच नाही. कोणीतरी बाई माझ्या नवऱ्याला पाठवतेय. मी संध्याकाळच्या विमानाने एकटी घरी चालले."

"अगं, मला इथे कुत्रंसुद्धा ओळखत नाही," हेंड्रिक रडकुंडीला आला.

"वर टेकडीवर त्या दगडी बायांसमोर पाऊण तास उभा होतास!"

"देवळाचे खांब आहेत ते!"

"खांबांना वेण्या असतात?"

मी पुढे झालो. एकाच खानावळीत दोन गूढं होती. त्यांना सुरई का येते आणि मला का येत नाही. साध्या मेंदूने ती एकत्र कालवली असती. मी शिस्तीने वेगळी ठेवली.

"तारल्या किती?"

"सात."

"दगडी बाया किती?"

"सहा."

"म्हणजे सातवी जिवंत आहे," मी म्हणालो.

साबिनाने बॅग उचलली.

मी बशीवर वाकलो. "शेपट्या दाराकडे! म्हणजे ती पळायच्या तयारीत आहे."

मग मी बाकीच्या टेबलांची झडती घेतली. एका म्हातारीला विचारलं, तुमचं हेंड्रिकवर प्रेम आहे का? तिने त्याला नीट न्याहाळून सांगितलं, "अजून नाही." दोन कुटुंबं ताटावरून उठून गेली.

"पॉलिक्सेनी, बाहेर ये! ही बशी कोणाची?" त्रासिवूलोस ओरडला. त्याची बहीण हातात झारा घेऊनच स्वयंपाकघरातून आली.

"ओरडतोस काय? एक वाजला, मेनेलाओसची बशी खिडकीत ठेवली."

"खिडकीत आली की मी ती कोपऱ्यात नेतो," त्रासिवूलोस कपाळावर हात मारत म्हणाला. "नऊ वर्षं नेतोय. मान कशाला वर करू?"

पॉलिक्सेनी हेंड्रिककडे बघत राहिली. "हा होय मेनेलाओस? आवाजावरून म्हातारा वाटायचा."

साबिनाला हसू आवरेना. तिने बॅग खाली ठेवली आणि एक तारली हेंड्रिकच्या तोंडात कोंबली.

"पाहिलंत?" मी छाती फुगवली. "हे शहर मला केवढा मान देतं!"

"मान?" त्रासिवूलोस म्हणाला. "अरे शहाण्या, तोंडात मासा असला की तू गिऱ्हाइकांना प्रश्न विचारत नाहीस. तीन दिवसांत निम्मी खानावळ रिकामी केलीस माझी!"

पॉलिक्सेनीने नवी बशी माझ्यापुढे आदळली. "खा."

मला अजून चार प्रश्न विचारायचे होते. पण तारल्या सात होत्या.